उजवा कौल

“पण ह्यात देव कुठाय?” पन्हाळ्यावर अंबरखान्यासमोर उभं राहून आईने विचारलं.

“ह्यात देव नाही गं. ह्यात धान्य साठवायचे.”

“एवढं थोरलं बांधलं आणि आत एकही देव नाही?” आईने त्या कोठाराकडे असं पाहिलं, की बांधणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. “मग मी चपला कशाला काढल्या?”

बाबा तटाच्या कडेला उभे राहून भुईमुगाच्या शेंगा खात होते. आमच्या त्या प्रवासात तिघांच्या तीन तऱ्हा होत्या. आईला देव हवे होते, मला कडे हवे होते आणि बाबांना परत पुण्याला जायचं होतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. आम्ही निघालो होतो कोकणात घळवड्याच्या रवळनाथाला एक प्रश्न विचारायला. तो प्रश्न म्हणजे मी होते.

झालं होतं असं, की गढवालमधल्या एका शिखरावर मुलींची तुकडी जायची होती आणि तिच्यात माझी निवड झाली होती. मोहीम मे महिन्यात होती. त्याच मे महिन्यात सांगलीकरांना लग्नाचा मुहूर्त हवा होता. सांगलीकर म्हणजे साखर कारखान्यातला इंजिनिअर मुलगा आणि त्याचं मोजता न येणारं गणगोत. पोहे खाताना त्याने मला विचारलं होतं, “तुम्ही डोंगरावर जाऊन नेमकं करता काय?” मी म्हटलं होतं, “खाली येतो.” त्यावर तो हसला नव्हता, आणि माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. आईच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

“आधी मुलगी उजवावी,” आई म्हणायची, “मग तिने नवऱ्याला विचारून खुशाल एव्हरेस्टवर जाऊन बसावं.” उजवणे हा तिचा लाडका शब्द. लग्न लावून देण्याला मराठीत काय कमी शब्द आहेत? पण आईला हाच लागायचा. जणू मी जन्मापासून डावीच होते आणि कुणीतरी मला सरळ करायचं राहिलं होतं.

बाबा पेपरामागून म्हणाले होते, “जाऊ दे की चारूला. डोंगर कुठे पळून चाललाय, नि नवरा तरी कुठे?”

“असं काय! मग देवालाच विचारू. तुमच्या घळवड्याच्या. तिथे कौल लावतात ना? तो जा म्हणाला तर जा. मी मधे येणार नाही. तो नको म्हणाला तर सांगलीकरांना होकार कळवायचा. ह्याच मेचा.”

पेपर खाली आला. बाबांचा चेहरा उतरला होता. “दुसऱ्या कुठल्याही देवाला विचार. सारसबागेत गणपती आहे, बसने जाऊन येशील.”

“गणपती कौल देतो का?”

“नाही देत. म्हणून तर त्याचं सगळ्यांशी बरं आहे.”

पण आई ऐकेना, आणि मलाही तो सौदा वाईट वाटला नाही. आईकडून होकार मिळायची आशा शून्य होती. देवाकडे निदान दोन बाजू होत्या. मी हो म्हटलं आणि मग रात्रभर धास्तीने जागी राहिले. कारण मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगलीला स्वयंपाकघरात उभी असलेली मी डोळ्यांपुढे यायची आणि मी उठून बसायची.

तर असे आम्ही निघालो. आईने वाटेतला एकही देव सोडला नाही. कोल्हापूरला अंबाबाई झाली, जोतिबा झाला. आई देवांशी बोलायची ती भाजीवालीशी बोलावं तशी. आधीचा दर काय, मागच्या खेपेला काय ठरलं होतं, ह्या खेपेला काय कमी करणार. अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, “मी जरा तारऑफिसवरून येतो.” लग्नाआधी ते कोल्हापूरला तारखात्यात नोकरीला होते. आम्ही रंकाळ्यावर भेळ खाईपर्यंत ते परत आले.

“भेटलं का कुणी?” आईने विचारलं.

“आता कोण असणार?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या भेळेतला कांदा वेचून खाल्ला. कांदा त्यांना आवडत नसे.

गगनबावड्याचा घाट उतरताना आई नाकाशी लिंबू धरून बसली होती. तरी बोलणं थांबलं नव्हतं.

“लग्न झाल्यावर जोडीने कुलदेवाला जायची रीत असते, चारू. सगळी जातात. माझ्या जावा गेल्या. मी नाही. ह्यांनी मला एकदाही नेलं नाही.”

“रस्ता नव्हता,” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“पंचवीस वर्षं रस्ता नव्हता? बाकीचे काय उडत गेले?”

“अगं, माझं आणि त्या देवाचं बरं नाही.”

आई लिंबू विसरून हसली. “ऐकलंस? देवाशी अबोला! आणि तो बोलतो वाटतं तुमच्याशी?”

“एकदा बोलला,” बाबा म्हणाले. “तेवढं पुरे झालं.”

मला वाटलं, बाबांची नेहमीची थट्टा चाललीय.

घळवडे म्हणजे पाखरगडाच्या पोटाशी असलेली एक वाडी. रवळनाथाचं देऊळ अर्ध्या डोंगरात, गडाच्या पठारावर. आम्ही जीपमधून उतरलो तर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईने आमच्याकडे आणि मग आईच्या नारळांच्या पिशवीकडे पाहिलं.

“देवळात जातास? वाट गेली दरडीत. आता कातळानच जावक व्हया.”

“कातळाने म्हणजे?” आईने मला विचारलं.

“म्हणजे डोंगरावर जाऊन आम्ही करतो काय, ते आता तुला कळेल,” मी म्हटलं, आणि कपड्यांच्या बॅगेच्या तळातून दोर काढला. घरून निघताना आईने बॅग तपासली होती, पण दोर मी तिच्याच सोवळ्याच्या पातळात गुंडाळला होता.

कातळ फार मोठा नव्हता. दोन माड एकावर एक ठेवावेत एवढा. पूर्वी तिथे पायऱ्या होत्या, त्यांच्या आता नुसत्या खोबणी उरल्या होत्या. गुरवाने रोजच्या जाण्यायेण्यासाठी काथ्याचा एक दोर सोडला होता, तो बघूनच आईने रामरक्षा सुरू केली. मी आधी वर गेले, झाडाला दोर बांधला, खाली येऊन आईच्या कमरेला आवळला, पुन्हा वर गेले आणि दोर हातात घेतला. बाबा खालून पिशवी धरून तिला धीर देत होते, म्हणजे सूचना करत होते.

“उजवीकडे खोबण आहे बघ, आई! उजवीकडे हात घाल!”

आईने भलतीकडे हात घातला. “इथे काही नाही! ह्या कार्टीला काही दिसत नाही!”

“उजवीकडे गं!”

“तुझ्या की माझ्या?”

“तुझ्या! तुझ्या!”

ती वर आली तेव्हा केस सुटले होते, साडीला लाल माती लागली होती आणि कोपर खरचटलं होतं. मला वाटलं, आता देवाला विचारायची गरजच नाही, निकाल लागला. आई कड्याच्या टोकावर बसली, तिने धापा टाकत खाली पाहिलं. खाली आख्खं घळवडे, माडांची बनं आणि त्यांच्यामागे खाडीचा चकचकता तुकडा होता. आईने पदराने कोपर पुसलं.

“हे असलंच करता तुम्ही?”

“हो.”

“ह्याच्याहून उंच?”

“बरंच.”

“हं,” आई म्हणाली. तिने केसांचा अंबाडा घातला आणि खाली ओरडली, “अहो, या वर! काही नाही त्यात. नुसती खोबण चुकवू नका.”

देवळात गुरव आमची वाटच बघत असल्यासारखा बसला होता. बाबली गुरव हा माणूस देवाचा सेवेकरी कमी आणि सेक्रेटरी जास्त होता. आम्ही नाव सांगताच त्याने बाबांना नखशिखांत न्याहाळलं.

“वालावलकर? मगे इतकी वर्सां खंय होतास? देव इचारी होतो.”

“काय विचारत होता?” बाबा दचकून म्हणाले.

“वालावलकरांचो नारळ खंय ऱ्हवलो म्हणान.” आणि त्याने आईच्या हातातली पिशवी काढून घेतली.

रवळनाथ काळ्या पाषाणाचा, माणसाच्या उंचीचा, हातात तलवार, मिशा झोकदार. चेहऱ्यावर भाव असा, की सगळे प्रश्न त्याने आधी ऐकलेले आहेत. तिथली रीत बाबलीने समजावली. देवाच्या दोन खांद्यांवर फुलाचे दोन ओले कळे चिकटवायचे. गाऱ्हाणं घालायचं. उजव्या खांद्यावरचा आधी पडला तर हो, डाव्यावरचा पडला तर नको. आणि गाऱ्हाण्याच्या दर वाक्याला आपण ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

“विसरू नकात. न्हायतर देवाक वाटता, कोण ऐकणाच नाय.”

बाबलीने कळे लावले, बाहेर येऊन आमच्या बाजूला उभा राहिला आणि आवाज लावला.

“हे देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं.

“आज तुझा वालावलकराचा लेकरू तुझ्या पायाशी इला हा म्हाराजा! नारळ घेवन इला हा! तेचा चेडू डोंगर चडूक हिमालयात जाऊक बगता—”

“व्हय म्हाराजा!” आई.

“थांबा वयनी, वाक्य पुरा होवंदे. जाऊक बगता म्हाराजा! घरात बरो नवरो येवन ऱ्हवलो हा—”

“व्हय म्हाराजा!” आई पुन्हा, दुप्पट जोरात.

“तर ह्या चेडवाक डोंगरार जावक देवचा असात तर तुजो उजवो दी, नको असात तर डावो दी, आनि काय ता एकदा सांगान मोकळो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हाताला घाम सुटला होता. कड्यावर कधी सुटला नव्हता एवढा.

कळे चिकटून बसले होते. गाभाऱ्यात समईची वात तडतडली. मी एका कळ्याकडे बघावं तर दुसरा हलल्यासारखा वाटे. मग डाव्या हाताकडचा कळा हळूच घसरला, क्षणभर तलवारीच्या मुठीवर अडला आणि खाली पडला.

“डावा!” आई टाळी वाजवून म्हणाली. “डावा पडला! बघितलंस?”

“डावाच,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. “ह्याचं असंच असतं.”

मी शब्द दिला होता. आई डोळे मिटून हात जोडून उभी होती, बहुधा सांगलीच्या मंगल कार्यालयाची रांगोळी बघत असावी. मला रडू येत होतं आणि देवळात रडायचं नाही म्हणून मी देवाच्या मिशांकडे बघत होते.

“काय डावो?” बाबली म्हणाला. “उजवो दिल्यान की!”

“अहो, आमच्या डोळ्यांदेखत डाव्या हाताला पडला,” आई म्हणाली.

“तुमच्या डाव्या हाताक. तुमच्या हाताचो काय समंद? कौल कोण देता? तुमी? देव उबो हा थंय. तोंड आमच्याकडे. तेचो उजवो हात खंयचो?”

मी देवाकडे पाहिलं. तलवार होती तो हात. अर्थात! तलवार कोण डाव्या हातात धरतं? मला एकदम इतकं हलकं वाटलं, की तिथेच उडी मारावी.

पण बाबांनी ऐकलंच नव्हतं असं वाटलं. ते तसेच उभे होते. मग ते पुढे गेले, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वळले आणि देवाकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. देवाला पाठ दाखवली म्हणून आई ओरडणार, असं मला वाटलं. बाबांनी आपला उजवा हात वर केला. हाताकडे पाहिलं, मग मान वळवून खाली पडलेल्या कळ्याकडे पाहिलं. कळा त्याच बाजूला होता.

“म्हणजे,” बाबा म्हणाले, “मला हो म्हणाला होता.”

“कोण?” आईने विचारलं.

“हा.”

“कधी?”

“आपल्या लग्नाच्या आधी.”

बाबा उंबऱ्यावर बसले. आई दोन पावलं पुढे गेली. “काय विचारलं होतंत?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबलीकडे पाहिलं. बाबलीने देवाकडे पाहिलं. देव नेहमीसारखा समोर बघत होता, त्याला काय.

“हंसा केरकर म्हणून होती,” बाबा म्हणाले. “तारऑफिसात ट्रंक कॉलच्या खिडकीवर बसायची. तिला विचारावं की नाही, ते कळत नव्हतं. म्हणून इथे आलो. गुरव बाजाराला गेला होता, मी आपले आपणच कळे लावले. काका सांगायचे, उजवा म्हणजे हो आणि डावा म्हणजे नाही. कुणाचा उजवा ते काही सांगितलं नव्हतं. हा ह्याच बाजूचा पडला.”

“म्हणजे तिला विचारावं की नाही, हे देवाला विचारलंत.”

“हो.”

“आणि तिला?”

“तिला नाही विचारलं. देव नको म्हणाला ना.”

“देव हो म्हणाला होता!”

“ते आत्ता कळलं,” बाबा म्हणाले.

“पन तुमी सोता लायलास?” बाबलीला आता राहवेना. “गुरवाबगर? तो कौल चलना नाय हां. गुरवाबगर कौल म्हंजे तिकिटाबगर यष्टी.”

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मला हसू फुटत होतं. बाबांना आपला हात आणि देवाचा हात ह्यातला फरक कळला असता, तर त्या देवळात मी उभीच नसते. कुठल्याशा केरकरीणबाईंची मुलगी उभी असती, आणि बिचारीला कदाचित उंचीची भीती वाटत असती. मग माझी नजर आईकडे गेली आणि हसू मावळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपल्याला आणलं नाही ते रस्ता नव्हता म्हणून. ती नुसती उभी होती, हातात बाबलीने दिलेली फुलांची परडी घेऊन, अंगावर लाल माती. मला तिची फार दया आली आणि भीतीही वाटली. आई गप्प बसली की घरात नेहमी काहीतरी फुटायचं.

“कळे लावा,” आई बाबलीला म्हणाली.

“आता कित्याक?”

“मला विचारायचंय.”

“गाऱ्हाण्यात काय घालू?”

“घाला की, ह्या माणसाचं आणि माझं लग्न चुकून झालं. आता ते ठेवायचं की नाही, ते सांग म्हणावं.”

बाबली गुरवाने आयुष्यात पोरांच्या नोकऱ्यांची, हरवलेल्या म्हशींची, बांधाच्या भांडणांची गाऱ्हाणी घातली असतील. ह्या एका गाऱ्हाण्याला त्याची जीभ अडखळली. त्याने कळे लावले, बाहेर येऊन घसा साफ केला.

“हे देवा म्हाराजा. ही... वालावलकरीण... तुझी सून... तुझ्या पायाशी इली हा. हेंचा लगीन... चुकान झाला म्हणता, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” बाबा सवयीने म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे, नाही. तसं नाही म्हाराजा.”

आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

“...तर ह्यो घोव ठेवचो असात तर उजवो दी, सोडचो असात तर डावो दी रे म्हाराजा.”

आम्ही वाट बघत राहिलो. काहीच पडेना. दोन्ही कळे शिलाई मारल्यासारखे जागच्या जागी बसले होते. एक कबुतर आत आलं, फिरलं आणि निघून गेलं. बाबांनी डोळे मिटले होते. मी माझ्या बाबांना देवळात डोळे मिटताना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“देव इचार करता,” बाबली कुजबुजला. “कदी कदी सांजसर घेता.”

“मला सांजपर्यंत वेळ नाही,” आई म्हणाली. “आमची एसटी आहे.”

तिने परडी खाली ठेवली आणि सरळ गाभाऱ्याकडे निघाली. “वयनी, भायर ऱ्हवा, बायलमानसां थंय...” असं बाबली म्हणेपर्यंत ती उंबरा ओलांडून आत होती. देवासमोर उभी राहून तिने आधी स्वतःचा उजवा हात बघितला. मग देवाचा बघितला. मग खात्री पटावी म्हणून अर्धी वळली, पुन्हा सरळ झाली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. आणि तलवारीच्या बाजूचा कळा तिने एका बोटाने टिचकी मारून उडवला.

“हा उजवाच ना?” तिने बाबलीला विचारलं.

“उजवो,” बाबली म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच बरोबर जागी म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. आई त्यांच्याजवळून जाताना थांबली. “उठा. आणि हिला जाऊ द्या त्या डोंगरावर. देव ‘हो’ म्हणत असताना ज्याला ‘नाही’ ऐकू येतं, असा एक माणूस घरात आहे तेवढा पुरे.”

त्या मे महिन्यात मी गेले. शिखर काही मिळालं नाही, वाऱ्याने अगदी वरून परत पाठवलं. पण मी गेले ती गेलेच, पुढे आयुष्यभर तेच केलं. लग्न केलं नाही. सांगलीकरांना त्याच मुहूर्तावर मिरजेची मुलगी मिळाली. लोकांनी विचारलं की आई सांगायची, “आमचीला देवानेच उजवली हो.” लोक पुढे विचारायचे, मुलगा काय करतो. आई म्हणायची, “काही नाही, नुसता उभा असतो, तलवार घेऊन.” हंसा केरकरचं नाव घरात राहिलं ते बाबा जाईपर्यंत. बाबांनी आमटीला नाव ठेवलं की आई शांतपणे विचारायची, “ट्रंक कॉल लावू का कोल्हापूरला?” आणि बाबा आमटीचा भुरका मारायचे. आईचं मन त्या दिवशी किती दुखलं होतं, ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. तेही तिने सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आधी कातळ उतरायचा होता.

आई पहिली उतरली. येताना ओरडणारी बाई जाताना मला विचारत होती, दोर इतका घट्ट कशाला धरलास. ती खाली पोचली, गाठ सोडली आणि कातळाला तोंड करून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग बाबा निघाले. मी वर झाडाशी दोर धरून बसले होते. बाबांचं तोंड कातळाकडे आणि माझं तोंड बाबांकडे. अर्ध्यावर त्यांचा पाय अधांतरी लोंबू लागला. खोबण त्यांना दिसत नव्हती, मला दिसत होती.

“बाबा, उजवा पाय खाली टाका! तिथे खोबण आहे!”

बाबा जागच्या जागी थिजले. दोन्ही हातांनी कातळाला बिलगून त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. घामाने चष्मा नाकावर घसरला होता.

“कुणाचा उजवा?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझाच घोळ झाला. त्यांचा उजवा माझ्या डाव्या हाताला होता. चुकीचं सांगितलं तर पाय निसटणार होता. मी बोलू की नको, अशी अडकले.

“अहो, तिचं ऐकू नका!” खालून आईचा आवाज आला. “ती देवाच्या बाजूने बघतेय. माझं ऐका!”

“बोल,” बाबा म्हणाले.

“तुमचं तोंड कातळाकडे. माझंही कातळाकडेच. माझा उजवा तोच तुमचा उजवा.” आईने खाली उभं राहून आपला उजवा पाय उचलला आणि जमिनीवर आपटून दाखवला. “हा. टाका पाय.”

बाबांनी पाय टाकला.